गुपचूप बघण्याचे शब्द : अर्थ कसा धरायचा, मूळ कसं शोधायचं

डोकावणे, हेरणे, टेहळणे, पाळत ठेवणे, चोरून बघणे. घाईत केलेल्या शब्दसूचीत यांच्यापुढे एकमेकांचीच नावं दिलेली दिसतात. हेरणे म्हणजे टेहळणे, टेहळणे म्हणजे पाळत ठेवणे, पाळत ठेवणे म्हणजे पुन्हा हेरणे. अशा सूचीतून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. कोकणात गावोगाव बोलीचे शब्द टिपून ठेवणारे शिक्षक, विद्यार्थी आणि वाडीतली हौशी मंडळी आहेत. त्यांना हा शब्दगट सरावाला उत्तम, कारण यातला प्रत्येक शब्द वेगळा वागतो आणि प्रत्येकाचं मूळ वेगळ्या वाटेने शोधावं लागतं.

क्रम मात्र सोडू नये. आधी अर्थ, मग वापर, मूळ सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. शब्द ऐकला की लगेच संस्कृतात त्याचा बाप शोधायला निघतात आणि मग अर्थ त्या बापाच्या मापाने कापतात.

अर्थ धरताना काय विचारायचं

पहिला प्रश्न लपण्याचा. यात दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवायच्या: बघणारा लपलेला आहे का, आणि ज्याच्यावर नजर आहे त्याला ते ठाऊक आहे का. विजयदुर्गाच्या किंवा सुवर्णदुर्गाच्या तटावर उभा असलेला माणूस समुद्र टेहळतो तेव्हा तो लपलेला नसतो. येणाऱ्या गलबतालाही कळतं की वरून कोणीतरी बघतंय. टेहळण्यात उंची आहे, लांबवरचा पल्ला आहे, वेळ आहे. चोरटेपणा असलाच पाहिजे असं नाही. हेरण्यात मात्र समोरच्याला पत्ता नसणं हेच मुख्य. म्हणून ‘टेहळणे = गुपचूप पाहणे’ ही नोंद चूक.

दुसरा प्रश्न शरीराचा. डोकावायला कड लागते: गडगा (दगडांचं कुंपण), खिडकी, बावीचा (विहिरीचा) कठडा, दाराची चौकट, झावळ्यांच्या झापाची फट. मान किंवा डोकं त्या कडेच्या पलीकडे गेलं पाहिजे. उघड्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) उभं राहून कोणाला डोकावता येत नाही. ही एक अट नोंदीत लिहिली की डोकावणे बाकी सगळ्यांपासून सुटं होतं. बावीत डोकावणारा कोणापासून लपत नाही हेही लक्षात येतं, म्हणजे चोरटेपणा इथेही जोडीला येणारी छटा आहे, मूळ अर्थ नव्हे.

तिसरा प्रश्न वेळेचा. डोकावणं क्षणाचं, टेहळणं तासांचं, पाळत दिवसांची. ‘तो आठ दिवस डोकावत होता’ म्हटलं तर ऐकणारा ‘रोज येऊन जात होता’ असं समजतो, सलग नाही.

चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा: बघून पुढे काय? हेरण्याला निवड चिकटलेली असते. चोर बंद घर हेरतो, दलाल पाडाला आलेली कलमं हेरून ठेवतो, वक्ता संधी हेरतो. नुसतं बघून सोडून दिलं तर ते हेरणं होत नाही. पाळतीत निवड आधीच झालेली असते, आता फक्त हालचाल टिपायची.

या चार प्रश्नांनंतर दोन चाचण्या घ्यायच्या. पहिली, निर्जीव कर्ता घालून बघायचा. ‘ढगाआडून चंद्र डोकावला’ चालतं, ‘चंद्राने गाव हेरलं’ ऐकलं की कोणीही हसेल. म्हणजे डोकावण्यात हेतू लागत नाही, हेरण्यात लागतो. दुसरी, भूतकाळ करून बघायचा. ‘तो खिडकीतून डोकावला’, पण ‘त्याने घर हेरलं’. पहिल्यात ‘ने’ नाही, कारण क्रियापद अकर्मक आहे. ‘तिने डोकावून पाहिलं’ या वाक्यातला ‘ने’ पाहिलं या क्रियापदाचा आहे, डोकावण्याचा नव्हे. इथे बरेच जण फसतात आणि डोकावणे सकर्मक म्हणून नोंदवतात.

गावात शब्द टिपताना

‘चोरून बघण्याला तुमच्याकडे काय म्हणतात?’ हा प्रश्न विचारू नये. समोरचा माणूस वही आणि मोबाइल बघून शाळेतली मराठी काढतो, किंवा तुम्हाला खूश करायला एखादा गमतीदार शब्द तिथल्या तिथे बनवून देतो. त्याऐवजी प्रसंग ठेवायचा. पोर पडवीतून माजघरात बघतंय, बोलवत नाही. शेजारीण गडग्यावरून खळ्यात बघते आणि कोणी आलं की मान खाली घेते. मांगरात, म्हणजे शेतावरच्या घरात, बसून रात्री डुकरं येतात का बघायचं आहे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) टाकण्याआधी एक जण पाण्याचा रंग बघत किनाऱ्यावर उभा आहे. प्रत्येक प्रसंगाला ‘तो काय करतो म्हणाल?’ एवढंच विचारायचं. यातले दोन प्रसंग चोरटे नाहीत, ते मुद्दाम घातलेत. तिथेही तोच शब्द आला तर तो शब्द चोरटेपणाचा नाही, हे तुमच्या अंदाजावर न सोडता माणसाच्या तोंडून सिद्ध होतं.

एकाच घरातल्या पाच जणांची साक्ष ही एकच साक्ष. किमान तीन वेगळ्या घरांत, एकमेकांना ऐकू जाणार नाही असं, आणि जमल्यास तीन वेगळ्या वयांत विचारावं. एका शब्दाची निदान पाच पूर्ण वाक्यं हवीत. सुटा शब्द टिपून आणला तर घरी आल्यावर त्याचं लिंग, त्याला लागणारा प्रत्यय, त्याच्यामागे ‘ला’ येतं की ‘वर’, यातलं काहीच कळत नाही. ‘पाळत’ हा शब्द एकटा लिहून आणलेला असेल तर तो ‘ठेवणे’सोबत येतो आणि ‘पाळतीवर असणे’ असाही येतो, हे हरवलेलं असतं.

विषय नाजूक आहे याचं भान ठेवावं. ‘इथे कोण कोणाकडे डोकावतं’ अशा वळणावर गप्पा गेल्या की गावातली जुनी भांडणं वर येतात, आणि बायका तर उठूनच जातात. माणसं सोडून जनावरं, मासे, चोर, पावसाचे ढग असे विषय पुढे करावेत. वाक्यात कोणाचं नाव आलं तर लिहिताना ते काढून टाकायचं. ध्वनिमुद्रण करण्याआधी विचारायचं, आणि नको म्हटलं तर नको.

मुद्रणाला साधा मोबाइल पुरतो. ॲपमध्ये डब्ल्यूएव्ही स्वरूप निवडावं, फोन विमान मोडवर टाकावा आणि तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरावा. अगदी समोर धरला तर ‘फ’, ‘भ’, ‘ख’ म्हणताना वारा आदळतो आणि नेमका महाप्राण (‘ह’ मिसळलेला उच्चार) कळत नाही. खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर घेतलेलं मुद्रण फुकट जातं. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली तर प्रयत्नच करू नये. माजघरात, पंखा बंद करून बसावं. प्रत्येक शब्द तीनदा म्हणून घ्यावा: एकदा सुटा, दोनदा वाक्यात.

लिहिताना ऐकू येतं तसं लिहायचं, सुधारून नव्हे. इथे कोकणातल्या कोकणात किती फरक पडतो ते बघा. रायगड-ठाण्याकडच्या आगरी-कोळी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो: डोळाचा डोला. मालवणीत ‘ळ’ आणि ‘ण’ शाबूत. पुढे मूळ शोधताना या ‘ळ’वर बरंच काही अवलंबून असतं, म्हणून नोंद कुठल्या तालुक्यातली हे नसेल तर ती नोंद अर्धीच. ‘चोर’मधला च दंततालव्य आहे, ‘चिठ्ठी’तल्या ‘च’सारखा नाही. त्याच्याखाली नुक्ता देऊन किंवा शेजारी खूण करून ठेवावी.

मालवणी रूपं प्रमाण मराठीच्या चष्म्यातून वाचली की हमखास घोटाळा होतो. ‘तो बघतलो’ हे भविष्यकाळाचं रूप आहे, ‘तो बघेल’. बाहेरचा माणूस ते भूतकाळ म्हणून लिहितो आणि सगळं वाक्य उलटतं. ‘बघल्यान’ म्हणजे त्याने किंवा तिने बघितलं. यात कर्ता क्रियापदातच बसलेला आहे. वर सांगितलेली सकर्मक-अकर्मक चाचणी मालवणीत याच प्रत्ययावर घ्यायची: ‘डोकावलो’ आणि ‘हेरल्यान’. शेवटी ‘न’ आला तर सकर्मक. ‘बघूक गेलो’ म्हणजे बघायला गेला. तिथला ‘ओ’ पुल्लिंगाचा आहे, ‘मी’चा असेलच असं नाही. संदर्भ बघून लिहावं.

नोंद कशी दिसावी, त्याचा एक नमुना:

डोकावणे. अकर्मक क्रियापद. कडेपलीकडे डोकं काढून क्षणभर बघणे. कड आवश्यक (खिडकी, कठडा, गडगा). लपणे आवश्यक नाही. निर्जीव कर्ता चालतो. स्थळासोबत ‘त’, ‘तून’, ‘वरून’. माणसासोबत ‘ला’ चालत नाही. वाक्यं १ ते ५. गाव, तालुका, सांगणाऱ्याचा वयोगट, व्यवसाय. मुद्रणाचा क्रमांक.

‘चालत नाही’ हा रकाना सगळ्यात महाग. तो विचारल्याशिवाय भरता येत नाही, आणि छापील कोशांतही तो क्वचितच असतो.

कोश कुठल्या क्रमाने उघडायचे

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिला. १८३१ ची पहिली आवृत्ती, १८५७ ची वाढवलेली दुसरी. वापरायची ती दुसरी. त्यानंतर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ या काळातले सात खंड आणि १९५० ची पुरवणी. कोकणच्या माणसाला यात एक मोठी सोय आहे: शब्दापुढे (कों.), (राजा.), (कु.), (गो.) अशा खुणा असतात, म्हणजे कोकणी, राजापुरी, कुडाळी, गोमंतकी. तुमच्या गावातला शब्द तिथे भेटला तर नव्वद वर्षांपूर्वीही तो त्या पट्ट्यात होता एवढं पक्कं. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात फुकट बघता येतात.

शोधताना शब्द सापडला नाही तर शब्द नाही असं समजू नये. जुन्या कोशांत क्रियापदं अनुस्वारासह असतात: हेरणें, डोकावणें. ‘हेरणे’ असं टंकून काही आलं नाही तर नुसतं ‘हेर’ टाकून बघा.

मग कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश, १९४६. जुन्या मराठीतला वापर हवा असेल तर तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, १९९९. प्राकृतासाठी हरगोविंददास शेठ यांचा पाइअसद्दमहण्णवो. सगळ्या भावंड-भाषा एका ओळीत बघायच्या तर टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश, १९६६. अरबी-फारसी वाटलं तर माधवराव पटवर्धन यांचा फारसी-मराठी कोश, १९२५. कुडाळी आणि महाडच्या कुणबी बोलीवर अ. मा. घाटगे यांची १९६० च्या दशकातली सर्वेक्षणं आहेत. दक्षिण आणि मध्य कोकणात काम करणाऱ्याने ती आधी बघितली तर निम्मे कष्ट वाचतात.

मूळ ठरवताना

न्याहाळणे घ्या. हा शब्द चोरटा नाही, निवांतपणे बारकाईने बघण्याचा आहे, पण पद्धत शिकायला याच्याइतका सरळ नमुना नाही. संस्कृत निभालयति, प्राकृत णिहालेइ, मराठी न्याहाळणे, गुजराती निहाळवुं, हिंदी निहारना. आता प्रत्येक अक्षर तपासायचं. स्वरांमधल्या ‘भ’चा ‘ह’ झाला का? इतर महाप्राणांचाही होतो: दधि-दही, बधिर-बहिरा. स्वरांमधल्या एकेरी ‘ल’चा ‘ळ’ झाला का? मराठीत होतोच: काल-काळ, फल-फळ. ‘ल’ जोडाक्षरातून आला असेल तर मात्र तो ‘ल’च राहतो: कल्य, कल्ल, काल; गल्ल, गाल. म्हणजे मराठी शब्दात ‘ळ’ असेल आणि तुम्ही सुचवलेल्या मुळात ‘ल्ल’ असेल, तर तिथेच थांबा, मूळ चुकलंय. आगरीतल्या ‘ल’ला हा नियम लावू नये, कारण तिथे ‘ळ’ नंतर पुन्हा ‘ल’ झालाय. तालुका लिहायला सांगितलं ते याचसाठी.

आता हेरणे. टर्नरकडे हेरति असं रूप तारांकित आहे. तारा म्हणजे हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, भावंडांवरून मांडलेलं आहे. प्रत्यक्ष हाती आहे ते प्राकृत हेरइ आणि हिंदी हेरना, गुजराती हेरवुं ही भावंडं. मोनिअर-विल्यम्सच्या १८९९ च्या संस्कृत कोशात हेरिक, म्हणजे गुप्त दूत, असा शब्द मिळतो, पण ‘कोशकारांनी नोंदलेला’ या खुणेसह, म्हणजे ग्रंथांत वापरलेला न सापडलेला. एवढ्यावर ‘हेर हा शब्द संस्कृत हेरिकवरून’ असं लिहिणं म्हणजे वळचणीचं पाणी आढ्याला चढवणं. लोकांच्या तोंडचा शब्द नंतर संस्कृत कोशांत बसवला गेला, हेच अधिक जुळतं. वेदांत गुप्त नजरेसाठी वेगळाच शब्द आहे: स्पश्. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या २५ व्या सूक्तात वरुणाभोवती त्याचे स्पश बसलेले आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढपुरुष येतात: कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस असे वेषांप्रमाणे वेगळे. जुन्या संस्कृताकडे या कामाला शब्दांची कमतरता नव्हती, आणि त्या नेहमीच्या शब्दांत हेर नाही.

स्पश् या शब्दाची आणखी एक गंमत. पश्यति त्याच कुळातलं, आणि इंग्रजी स्पाय, इन्स्पेक्टर हेही. इंग्रजीने ते संस्कृतातून घेतले नाहीत, दोघांचं मूळ त्याहून जुनं आणि एक. ‘इंग्रजीने आपल्याकडून घेतलं’ असं नोंदीत लिहू नये. चुलतभाऊ असणं आणि मुलगा असणं यात फरक आहे. संस्कृत कवी माघाने या शब्दावर श्लेषही केलाय: हेर नसलेली राजनीती पस्पशाशिवायच्या व्याकरणासारखी. पस्पशा म्हणजे पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथाचं पहिलं आह्निक (प्रकरण).

डोकावणे मराठीत घडलेला नामधातू, म्हणजे नामापासून बनलेलं क्रियापद, आहे: डोकं, त्याला ‘आव’, मग ‘णे’. लाथेचं लाथाडणं, हाताचं हाताळणं, तसंच. अशा शब्दाचं मूळ संस्कृतात शोधणं व्यर्थ. शोधायचंच तर ‘डोके’ या नामाचं शोधावं, आणि ती नोंद वेगळी करावी. ‘गुप्तहेर’ही असाच घडवलेला सामासिक शब्द. हेर गुप्तच असतो, तरी पुढे गुप्त लागलं. पाळत पाळण्यावरून, म्हणजे राखण्यावरून. राखण करणारा बघत बसतो, तिथून अर्थ सरकला.

जासूद हा शब्द अर्थ कसा घसरतो ते दाखवतो. अरबी जासूस म्हणजे हेर. त्या धातूत हाताने चाचपण्याचा अर्थ आहे. मराठी कागदपत्रांत जासूद झाला तो पत्रं पोचवणारा निरोप्या. मराठी दप्तरात ‘जासूद पाठवला’ दिसलं की लगेच हेरगिरीची कथा रचू नये.

कान फसवतो त्या जागा

हिंदी झाँकना म्हणजे डोकावणे, मराठी झाकणे म्हणजे वर आवरण घालणे. आवाज सारखा, अर्थ जवळजवळ उलटा. नुसत्या आवाजावर दोघांना एकत्र बांधणारा माणूस पुढे कुठलाही अर्थ कुठेही जोडू शकतो. टेहळणे आणि हिंदी टहलना, म्हणजे फेरफटका मारणे, यांचंही तसंच: कान लगेच जोडून देतो, पण फेरी घालण्यापासून नजर ठेवण्यापर्यंतचा मधला वापर जुन्या मजकुरात दाखवता आला पाहिजे. तोवर ते निव्वळ साम्य.

पाट्यांवर विसंबू नये. सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ ची. आज तिथल्या किंवा दुसऱ्या एखाद्या किल्ल्यावरच्या पाटीवर ‘टेहळणी बुरूज’ लिहिलेलं असलं, तरी तेव्हा त्या जागेला तोच शब्द होता असं ठरत नाही. पाटी रंगवणाऱ्याचा शब्द त्याच्या काळाचा असतो. तारीख शब्दाची हवी, दगडाची नव्हे.

घराच्या बांधणीतून शब्द घडतो, ही कल्पना मात्र हसण्यावारी नेऊ नये. चोरून ऐकण्याचा इंग्रजी शब्द ईव्ह्जड्रॉप हा पागोळ्या पडतात त्या जागेवरून आलेला आहे. तिथे, भिंतीलगत, उभं राहून आतलं ऐकायचं. कोकणातल्या माणसाला वळचण म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. म्हणून पडवी, गडगा, झाप, कवाड यांच्यावरून तयार झालेले वाक्प्रचार गावात ऐकू आले तर तेही याच गटात टिपावेत, फक्त त्या जागेचं वर्णन किंवा फोटो नोंदीला जोडून. बांधणी बदलली की दहा वर्षांनी वाचणाऱ्याला शब्दातली जागाच ओळखता येणार नाही.

नोंद पुरी करताना मुळाच्या रकान्यात तीनपैकी एकच लिहायचं: ‘सिद्ध’, म्हणजे ध्वनी, अर्थ आणि जुना वापर तिन्ही जुळले, ‘संभाव्य’, म्हणजे तिन्हींपैकी दोन, नाहीतर ‘अनिश्चित’. ‘अनिश्चित’ लिहिताना तपासलेल्या कोशांची नावं आणि पानं खाली द्यावीत, म्हणजे पुढचा माणूस तीच पानं पुन्हा उलटत बसणार नाही. आणि मुद्रणाच्या फाइलचं नाव तालुका, गाव, शब्द, क्रमांक असं एकाच पद्धतीने ठेवावं. वर्षभराने ‘रेकॉर्डिंग ४७’मध्ये काय आहे ते तुम्हालाही आठवत नाही.